पुढची पेटी लगेच उघडू नका : तल्लख लहान मुलांसाठी मॉन्टेसरी साधने कशी वापरावीत

चार वर्षांचा मुलगा शंभरपर्यंत अंक म्हणतो, मेट्रोच्या स्थानकांची नावे वाचतो, गुलाबी मनोरा (लहान-मोठे दहा लाकडी घन एकावर एक रचायचे मॉन्टेसरी साधन) दोन मिनिटांत रचून मोकळा होतो, आणि त्याची आई विचारते, "ताई, हे तर त्याला येतंच, आता पुढचं काय द्यायचं?" नागपुरात घरच्या घरी छोटा बालवर्ग चालवताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की हा संपूर्ण लेख त्याचेच उत्तर आहे असे म्हटले तरी चालेल. माझे उत्तर बहुतेक पालकांना सुरुवातीला पटत नाही. पुढचे साधन देण्याआधी हातातल्या साधनात अजून काय दडले आहे ते मुलाला सापडू द्यावे, असे मी सांगते. कुशाग्र मुलाला जिन्यावरून पळवत नेले, तर तो वर लवकर पोहोचतो खरा, पण मधल्या एकाही पायरीवर तो स्थिर उभा राहिलेला नसतो आणि तिसरी-चौथीत ही उणीव उघडी पडते.

मारिया मॉन्टेसरी या डॉक्टर होत्या आणि त्यांच्या अनेक साधनांचे मूळ इटार्द आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांनी बौद्धिकदृष्ट्या मागे पडलेल्या मुलांसाठी केलेल्या कामात आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले, तेव्हा तीच साधने सर्वसाधारण मुलांच्या हाती गेली. मंद गतीने शिकणाऱ्यांसाठी घडवलेली वस्तू अतिशय वेगाने शिकणाऱ्यालाही पुरते, याचे कारण त्या साधनात ठराविक पाठ भरलेला नसतो. त्यात एक गुणधर्म वेगळा काढून ठेवलेला असतो, आणि त्या गुणधर्माचे किती करायचे हे मुलावर सोपवलेले असते. आपल्याकडे भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा करून पुढे बोर्डी व कोसबाड येथे काम नेले. महागड्या आयात साधनांवाचून ही पद्धत चालवता येते, हे ताराबाईंच्या कामातून शिकण्यासारखे आहे.

सुरुवात वहीपासून

साधने विकत घेण्याआधी एक साधी वही घ्यावी आणि दोन आठवडे मुलाकडे नुसते पाहावे. रोज वीस मिनिटे पुरतात. मूल काय बोलले याबरोबरच ते कशाशी किती वेळ रमले, कुठे थांबले, कशावर चिडले आणि कोणता प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन आले, हे लिहावे. देशांच्या राजधान्या घडाघडा म्हणणारे मूल पाठांतरात चांगले असते, पण त्यावरून ते विलक्षण बुद्धीचे आहे असे ठरवू नये. "शंभरच्या पुढे एकशे एक येतो, मग हजारच्या पुढे काय येत असेल, आणि हे कुठे संपते?" असे विचारणारे मूल वेगळे असते. या वयात बुद्ध्यंकाची चाचणी करून घेण्याचा मोह अनेकांना होतो, मात्र पाच वर्षांखालील मुलांचे गुण झोप, भूक आणि परक्या माणसाची भीती यांनीही हलतात, त्यामुळे मी तो सल्ला क्वचितच देते. वही अधिक उपयोगी पडते.

वही लिहिताना एक गोष्ट जवळजवळ नेहमीच दिसते. अशा मुलांची वाढ सगळ्या बाजूंनी सारखी होत नाही. डोके सहा-सात वर्षांच्या मुलाचे, बोटे चार वर्षांची आणि रडणे तीन वर्षांच्या मुलाचे, असे एकाच शरीरात नांदत असते. पुढची सगळी आखणी या विषमतेवर करायची आहे.

खोली, कपाट आणि लकडगंज

घरात एक कोपरा पुरतो. मुलाच्या छातीइतक्या उंचीची उघडी मांडणी, एक छोटी चटई आणि प्रत्येक साधनाचा एकच संच, एवढे असावे. एकावेळी मांडणीवर आठ-दहा वस्तूंपेक्षा अधिक ठेवू नयेत, कारण तल्लख मुलाला जास्त वस्तू दिल्या की ते प्रत्येकाची चव घेऊन पुढे जाते. काम चटईवर करायचे आणि संपल्यावर साधन जागेवर ठेवायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून असावा. घरात तीन वर्षांखालचे भावंड असेल, तर सुटे मणी आणि मनोऱ्यातला १ सेंटिमीटरचा सर्वांत लहान घन त्याच्या हाताबाहेर ठेवावा, कारण लहान मुले अशा वस्तू तोंडात घालतात.

काय विकत घ्यावे आणि काय करवून घ्यावे, याचा निर्णय अचूकतेवर घ्यावा. दंडगोलांचे ठोकळे आणि दशमान पद्धत शिकवणारे सोनेरी मणी विकतच घ्यावेत. एका ठोकळ्यात दहा खाचा आणि दहा दंडगोल असतात, आणि प्रत्येक दंडगोल फक्त स्वतःच्या खाचेत बसला पाहिजे, नाहीतर मुलाला आपली चूक आपणच ओळखण्याची जी सोय हवी ती राहत नाही. लाल दांडे, संख्यादांडे आणि तपकिरी जिना मात्र लकडगंज या नागपुरातल्या लाकूडबाजारातून लाकूड घेऊन ओळखीच्या सुताराकडून करवून घेता येतात. लाल दांड्यांची मापे १० सेंटिमीटरपासून १०० सेंटिमीटरपर्यंत, दर पायरीला १० सेंटिमीटर वाढणारी, आणि जाडी सगळ्यांची सारखी असते. तपकिरी जिन्यातले दहाही ठोकळे २० सेंटिमीटर लांब असतात, आणि त्यांचा छेद १ × १ पासून १० × १० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. लाकूड चांगले वाळलेले असावे, असा आग्रह धरावा. मी सुरुवातीला हौसेने दंडगोलांचा एक ठोकळाही सुताराकडूनच करवून घेतला होता. मे महिन्याच्या कोरड्या झळांत तो अगदी छान बसत होता, आणि जुलैच्या दमट हवेत त्यातले चार दंडगोल खाचांत असे फुगून बसले की मुलांना ते निघेनात. दोष माझ्या घाईचा होता.

नागपूरचा उन्हाळा वेळापत्रकातही हिशेबात धरावा लागतो. एप्रिल ते जून कामाची वेळ सकाळी सात ते दहा ठेवावी. दुपारी कूलर सुरू झाला की त्याच्या घरघरीत ध्वनिपेट्यांच्या (हलवून आवाज ओळखायच्या पेट्यांच्या) सहा जोड्या जुळवणे अशक्य होते आणि शांततेचा खेळ तर मुळीच होत नाही. सकाळी सातला पंखाही बंद करून मुलांना डोळे मिटून बसवले, तर माठातले पाणी झिरपल्याचा थेंब ऐकू आल्याचे ती स्वतःहून सांगतात.

डोके पुढे, हात मागे

तल्लख मुलांच्या पालकांना दैनंदिन जीवनातील कामे वेळ घालवणारी वाटतात. "ओतणे, चिमट्याने उचलणे, बटणे लावणे यात त्याला काय शिकायला मिळणार?" असे ते विचारतात. माझ्या मते या मुलांना याच कामांची सर्वांत जास्त गरज असते, कारण त्यांच्या डोक्याला जे सुचते ते त्यांचा हात करू शकत नाही आणि निम्मी चिडचिड इथूनच येते. नागपूरपासून जवळच वर्ध्याला १९३७ साली नयी तालीमची मांडणी झाली, तिचा भर हाताने काम करत शिकण्यावर होता. महात्मा गांधी आणि मॉन्टेसरी यांची १९३१ साली लंडनमध्ये भेटही झाली होती. दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या, तरी हाताला मान देण्याच्या बाबतीत त्या जवळ येतात.

आपल्या घरात यासाठी सर्वांत उत्तम वस्तू म्हणजे संत्रे. हिवाळ्यात आंबिया बहाराची फळे असतात तेव्हापासून सुरुवात करावी. पहिल्या दिवशी मोठ्या माणसाने न बोलता, सावकाश, देठाकडून साल सोलून दाखवावी, मग फोडी एकेक करून वेगळ्या कराव्यात, पांढरे धागे काढावेत, बिया एका वाटीत आणि साली दुसऱ्या वाटीत ठेवाव्यात, आणि शेवटी चटई पुसून हात धुवावेत. दाखवताना बोलू नये हे महत्त्वाचे आहे, कारण हुशार मूल आपले शब्द पकडते आणि हात बघायचे विसरते. दुसऱ्या आठवड्यात त्याला फोडी मोजू द्याव्यात, आणि तिसऱ्या आठवड्यात तीन संत्र्यांतल्या फोडी वहीत लिहून ठेवून कोणत्या फळात किती निघाल्या याची तुलना करू द्यावी. माझ्या वर्गातल्या एका मुलीने पंचवीस संत्र्यांची अशी नोंद केली आणि फळ मोठे असले म्हणून फोडी जास्त असतातच असे नाही, हे स्वतः शोधून काढले. ती तेव्हा पाच वर्षांची होती. बिया तिने पेरल्याही, पण रोपे उन्हाळ्यात गेली.

तुरीची आणि हरभऱ्याची डाळ निवडणे, माठात पाणी भरताना तांब्या न सांडता नेणे, कूलरच्या टाकीत मग्याने पाणी टाकणे, ही कामेही अशीच द्यावीत. बोटांना पेन्सिलीची तयारी हवी असेल तर धातूच्या चौकटी वापराव्यात. त्यात त्रिकोण, वर्तुळ, लंबवर्तुळ असे दहा आकार असतात, आणि मूल चौकटीच्या आतून रेघ ओढून आकार रंगीत रेषांनी भरते. या कामाला कंटाळणाऱ्या मुलाला दोन आकार एकमेकांवर ठेवून नक्षी करायला सांगावी. तेवढ्याने कंटाळा जातो.

मनोरा दोन मिनिटांत संपत नाही

आता मूळ प्रश्नाकडे येते. गुलाबी मनोऱ्यात १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंतचे दहा घन असतात. तल्लख मूल तो पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात बरोबर रचते आणि "झालं" म्हणते. त्या वेळी साधन उचलून ठेवू नये आणि दुसरे साधन पुढे करू नये. पुढील गोष्टी एका बैठकीत एकच, आणि शक्यतो मुलाने विचारल्यावर दाखवाव्यात.

पहिली म्हणजे, सर्व घन एका कोपऱ्यावर जुळवून रचायचे. आता दोन बाजूंना जिना तयार होतो आणि प्रत्येक पायरी नेमकी १ सेंटिमीटर रुंद असते, म्हणून सर्वांत लहान घन त्या प्रत्येक पायरीवर चालवत नेता येतो. हे मुलाला आपण सांगू नये. लहान घन पायरीवर ठेवून फक्त त्याच्याकडे बघावे.

दुसरी म्हणजे, अंतरावरून शोधणे. एक घन एका खोलीत ठेवायचा, बाकीचे दुसऱ्या खोलीत. मुलाने एक घन बघून, त्याचा आकार मनात धरून, दुसऱ्या खोलीतून त्याच्या लगतचा घन आणायचा. मोजपट्टी नाही, परत येऊन बघायचे नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून हाताने क्रम लावणे हाही याचाच भाग आहे.

तिसरी गोष्ट पाच वर्षांपुढील मुलांसाठी आहे. शालेय गणित संचात १ सेंटिमीटरचे सुटे घन मिळतात. मनोऱ्यातला दुसरा घन अशा किती घनांनी बनेल? मुले पटकन चार म्हणतात, मग बांधून बघतात आणि आठ निघतात. तिसऱ्याला सत्तावीस लागतात. चौथ्याला चौसष्ट. माझ्या वर्गात एका मुलाने हे दहाव्यापर्यंत नेण्याचा हट्ट धरला, तेवढे घन आमच्याकडे नव्हते, म्हणून त्याने एक थर रचून "असे दहा" म्हणत हजारपर्यंत पोहोचण्याची वाट काढली. मनोऱ्याच्या शेजारी तपकिरी जिना ठेवला की आणखी प्रश्न निघतात : सर्वांत जाड तपकिरी ठोकळा किती मोठ्या गुलाबी घनांइतका आहे? दोन. मधल्या, ५ सेंटिमीटर छेदाच्या ठोकळ्याला ५ सेंटिमीटरचे चार घन लागतात, आणि सर्वांत बारक्याला १ सेंटिमीटरचे वीस. ठोकळा बारीक होत जातो तसे हे आकडे विचित्र क्रमाने का वाढतात, यावर एका सहा वर्षांच्या मुलाने दोन दिवस विचार केला आणि उत्तर सांगण्याऐवजी मला चित्र काढून दाखवले.

द्विपदी घनाबाबत वेगळी सूचना आहे. त्यात आठ तुकडे असतात, एक लाल घन, एक निळा घन आणि काळ्या बाजूंचे सहा इष्टिकाचिती तुकडे, आणि ते एका पेटीत झाकणावरच्या चित्रानुसार रचायचे असतात. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला ते कोडे म्हणून द्यावे. हे (क + ख) या बेरजेच्या घनाचे सूत्र आहे, हे पालकांना कळले की ते उत्साहाने मुलाला सांगतात, आणि मुलाच्या हातातले कोडे तिथेच मोडते. सूत्र पुढे बीजगणितात येईल, तेव्हा हाताला ते ओळखीचे वाटेल. तोपर्यंत मूल स्वतःहून पेटीबाहेर ते रचू लागले की सत्तावीस तुकड्यांचा त्रिपदी घन द्यावा.

पाठ कसा द्यावा

नवीन नाव शिकवण्यासाठी तीन टप्प्यांचा पाठ वापरतात, आणि तो सेगँ यांच्याकडून आलेला आहे. आधी वस्तू दाखवून नाव सांगायचे, मग "मला हे दे, ते ठेव" असे सांगून ओळख पक्की करायची, आणि शेवटी "हे काय?" असे विचारायचे. तल्लख मुलाला पहिला टप्पा बहुधा आधीच येत असतो, आणि तरीही आपण तो रेटला तर मूल आपल्याकडे अशा नजरेने बघते की पुन्हा सांगायची गरज राहत नाही. अशा वेळी दुसऱ्या टप्प्यावर रेंगाळावे, म्हणजे "लंबवर्तुळ खिडकीपाशी ने, पंचकोन माझ्या डोक्यावर ठेव" अशा गमती कराव्यात. तिसरा टप्पा परीक्षेच्या सुरात कधीही विचारू नये.

मूल कामात बुडाले असेल तेव्हा त्याच्याशी बोलू नये, कौतुकही करू नये. कामाच्या दीर्घ सलग वेळेत (मॉन्टेसरी वर्गात ती साधारण तीन तासांची असते) साधारण तासाभरानंतर वर्गात एक चुळबुळ येते. मुले उठतात, एकमेकांना ढोसतात आणि थकल्यासारखी दिसतात. मॉन्टेसरींनी याला खोटा थकवा मानले. मोठ्यांनी त्या वेळी मध्ये पडले नाही, तर बहुतेक वेळा याच चुळबुळीनंतर सकाळचे सर्वांत खोल काम सुरू होते. घरी तीन तास मिळणार नाहीत, पण दीड-दोन तास फोन बाजूला ठेवून ही चुळबुळ सहन करता येते.

सत्तावीस की बहात्तर

गणिताच्या साधनांत सुरुवात संख्यादांड्यांनी करावी. लाल-निळ्या भागांचे हे दहा दांडे असतात. मूल नऊ आणि एक, आठ आणि दोन, सात आणि तीन, सहा आणि चार असे जोडून दहाच्या दांड्याखाली मांडते, आणि पाच एकटा उरतो. हुशार मुलाला इथेच थांबवून विचारावे की सगळे मिळून किती झाले. पाच दहा आणि वर पाच, म्हणजे पंचावन्न, हे ते मोजल्याशिवाय सांगते, आणि मग शंभरपर्यंत असेच करता येईल का, हा प्रश्न स्वतःच विचारते. त्याचे उत्तर देऊ नये.

शून्यासाठी टकळ्यांची पेटी आहे, तिच्यात शून्य ते नऊ असे कप्पे असतात आणि प्रत्येकात तितक्या लाकडी टकळ्या टाकायच्या असतात. शून्याच्या कप्प्यात काहीही टाकायचे नसते, आणि तल्लख मुलांना हे विलक्षण आवडते. "रिकामं पण बरोबर," असे एकजण म्हणाला होता.

मराठी संख्यानामांची अडचण दशमान पद्धत शिकवताना येते, आणि तिच्याकडे पुस्तकांत पुरेसे लक्ष दिलेले मला दिसत नाही. आपण "सत्तावीस" म्हणतो तेव्हा सात आधी येतो आणि वीस नंतर, पण लिहिताना २ आधी येतो. "एकोणतीस" मध्ये तीस ऐकू येतो आणि लिहायचा असतो २९. म्हणूनच तोंडी हिशेब चटकन करणारे मूलही २७ च्या जागी ७२ लिहिते, आणि घरचे काळजीत पडतात. नागपुरात भर पडते ती हिंदीची. घरी एकोणतीस, रस्त्यावर उनतीस, शाळेत इंग्रजी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस तीन" अशा वाचनाची भर घातल्यावर मोठा गदारोळ झाला होता. जुने शब्द टिकले पाहिजेत हे मलाही वाटते, पण सोनेरी मण्यांसोबत "दोन दहा आणि सात सुटे" असे काही महिने म्हणण्यात नुकसान नाही.

करण्याची पद्धत अशी. एक मणी म्हणजे एकक, दहा मण्यांची दांडी म्हणजे दशक, शंभराची चौरस पाटी म्हणजे शतक, आणि हजाराचा घन. सोबत १ ते ९, १० ते ९०, १०० ते ९०० आणि १००० ते ९००० अशी एकूण छत्तीस कार्डे, एकक आणि हजारांची हिरव्या, दशकांची निळ्या आणि शतकांची लाल रंगात. आधी मुलाने ट्रेमध्ये "तीनशे आण", "चार हजार आण" अशी नुसती ने-आण करावी. मग चार हजार, तीनशे, वीस आणि सात असे मणी आणून त्याखाली चार कार्डे ठेवावीत आणि ती कार्डे एकावर एक सरकवून ४३२७ करावेत. ४००० मधली शून्ये कुठे गेली, असे मूल विचारते, आणि कार्ड उचलून त्यांच्याखालीच ती सापडतात. संख्या ओळखीची झाली की सत्तावीस, एकोणतीस ही नावे सेगँच्या फळ्यांसोबत (दशकावर एककाचा अंक सरकवून अकरा ते नव्याण्णव दाखवणाऱ्या फळ्या) रीतसर शिकवावीत.

त्यानंतर बँकेचा खेळ येतो. तीन मुलांनी तीन रकमा आणायच्या, सगळे मणी एका कापडावर ओतायचे आणि दहा सुटे झाले की बँकेत देऊन एक दशक आणायचे. हातचा घेणे म्हणजे काय, हे अशा वेळी शब्दांवाचून कळते. एकट्या मुलालाही हे करता येते, पण मजा तिघांत असते. मणी परवडत नसतील तर चिंचोके आणि दहा-दहाच्या काड्यांच्या जुड्या वापराव्यात, फक्त हजाराचा आकार मुलाच्या डोळ्यांसमोर खरोखर उभा राहिला पाहिजे. हजार मण्यांची साखळी एकदा तरी पसरावी. आमच्या घरी ती हॉलमधून व्हरांड्यापर्यंत गेली आणि दोन मुलांनी ती तीन सकाळी मोजली.

अपूर्णांकांचे दहा वर्तुळे असलेले साधन मराठी मुलाच्या फार कामाचे आहे, कारण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन आणि अडीच हे शब्द भाजीबाजारात त्याने आधीच ऐकलेले असतात. पाच-साडेपाच वर्षांच्या मुलाला एक पूर्ण वर्तुळ आणि एक पाव समोर ठेवून "हे किती?" असे विचारले, तर सव्वा म्हणताना त्याचे डोळे चमकतात. आजोबांना पावकी, निमकी (पाव आणि अर्ध्याचे जुने पाढे) येत असतील, तर त्यांना शेजारी बसवावे.

वाचता येते, पण लिहिता येत नाही

अनेक तल्लख मुले साडेतीन-चार वर्षांतच आपोआप वाचू लागतात. त्यांना खरखरीत अक्षरे पुन्हा ओळखायला लावू नयेत, पण बोटाने गिरवायला जरूर लावावीत, कारण वाचता आले तरी हाताला वळण ठाऊक नसते. देवनागरीसाठी काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. व्यंजने एका रंगाच्या पुठ्ठ्यावर, स्वर आणि मात्रा दुसऱ्या रंगावर लावाव्यात. शिरोरेषा शेवटी गिरवावी. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लिहिण्यात आधी दिसते, म्हणून सुट्या अक्षरांनी शब्द रचताना "कि" मध्ये क आधी ठेवून मग वेलांटी डावीकडे आणून बसवावी. र ची वेगवेगळी रूपे एकाच दिवशी दाखवू नयेत.

सुटी अक्षरे हे या मुलांसाठी सर्वांत मोलाचे साधन आहे. साडेचार वर्षांची एक मुलगी गोष्टी रचायची, पण लिहिताना अक्षर वाकडे झाले की कागद फाडायची. तिला पेन्सिलीऐवजी सुटी अक्षरे दिल्यावर तिने चटईवर पाच ओळी मांडल्या. शुद्धलेखन अर्थातच चुकले होते, आणि ते त्या दिवशी दुरुस्त करण्याची गरज नव्हती. अशी मुले भाषेबद्दल अवघड प्रश्नही विचारतात. "चाक" मधला च आणि "चंद्र" मधला च वेगळा वाजतो, मग अक्षर एकच का? हिंदीच्या पाटीवर ळ का नसतो? अशा प्रश्नांसाठी एक डबा ठेवावा, आणि दोन्ही प्रकारच्या च ने सुरू होणारे शब्द चिठ्ठ्यांवर गोळा करावेत. उत्तर सापडले नाही तरी वर्गीकरण हे स्वतःच एक काम आहे.

चुकीची भीती

या मुलांना सगळे पहिल्यांदाच बरोबर आलेले असते, त्यामुळे जे येत नाही त्याला ती हात लावत नाहीत. पालक याला आळस समजतात. चूक साधनच दाखवते आणि माणूस दाखवत नाही, ही मॉन्टेसरी साधनांची रचना येथे सर्वाधिक उपयोगी पडते. दंडगोल उरला, तर कोणी रागावत नाही, फक्त तो बसत नाही. मोठ्यांनी स्वतःही मुलासमोर चुकावे, आणि खरोखर चुकावे. मी पाणी ओतताना सांडले की "सांडलं" एवढेच म्हणून फडके आणते. "किती हुशार आहेस" हे वाक्य मात्र घरातून काढून टाकावे आणि त्याऐवजी "तू आज सलग अर्धा तास बसलास" असे दिसलेले तेवढेच सांगावे.

मिश्र वयोगटाची सोबत शक्य असेल तर जरूर द्यावी. तीन ते सहा वर्षांच्या गटात मोठ्यांसोबत तल्लख मुलाला आपल्या तोलामोलाचे कोणी सापडते, आणि लहानांसोबत ते हळुवार वागायला शिकते. मात्र त्याला कायमची छोटी ताई किंवा छोटा दादा करू नये. दुसऱ्यांना शिकवण्यात त्याचा सगळा वेळ जाऊ लागला तर त्याचे स्वतःचे काम बुडते.

घराबाहेर

साधनांमधून निघालेले प्रश्न शहरात घेऊन जावेत. झिरो माईलच्या खांबावर जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, हैदराबाद अशा गावांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत. ती मुलाने वहीत उतरवावीत, आणि घरी आल्यावर संख्याकार्डांनी मांडून लहान-मोठा क्रम लावावा. मैल म्हणजे काय, हे मग विचारलेच जाते. तान्ह्या पोळ्याच्या (विदर्भातल्या लहान मुलांच्या पोळ्याच्या) आधी बाजारात लाकडी बैल मांडलेले असतात, मुठीत मावणाऱ्यापासून मुलाच्या उंचीपर्यंत, आणि मनोरा कळलेल्या मुलाला ते ओळीत लावायचा मोह होतो. रमण विज्ञान केंद्रात एका भेटीत दोनच प्रदर्शने बघावीत. सगळे केंद्र एका दिवसात फिरवून आणले, तर रात्री मुलाच्या लक्षात फक्त आइस्क्रीम राहते.

शाळेशी बोलताना

राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षांची अट असल्यामुळे वर्ग लवकर ओलांडण्याचा विचार या वयात करण्यात अर्थ नाही. त्याऐवजी शाळेत प्रवेश घेताना ती वही घेऊन जावी. मुलाला काय येते याची यादी शिक्षकांसमोर वाचू नये, कारण ती यादी ऐकताच समोरचे माणूस बचावाच्या पवित्र्यात जाते, हा माझा अनुभव आहे. त्याऐवजी मूल कशात किती वेळ रमते, कशाने बिथरते आणि त्याचा हात अजून कुठे मागे आहे, ही तीन पाने दाखवावीत आणि एवढीच विनंती करावी की काम लवकर संपले तर त्याला तसेच आणखी दहा गणिते न देता एखादे वेगळे काम किंवा पुस्तक घेऊन बसू द्यावे. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांचा उल्लेख आहे आणि पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून या विषयावर काम केलेले आहे, त्यामुळे शिक्षकांना वाचायला काही हवे असल्यास तिथून सुरुवात करता येते.

शाळा सुरू झाल्यावरही मांडणी लगेच मोडू नये. संध्याकाळी दमून आलेले सहा वर्षांचे मूल अनेकदा चटई पसरून पुन्हा तोच गुलाबी मनोरा काढते, आणि त्या वेळी आपण काही दाखवायचे नसते.